आयसीयूत सुरू झालेल्या मनाच्या गोळ्या घरी आल्यावर किती दिवस घ्यायच्या?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. वडील ७२ वर्षांचे, साखर आणि बीपी जुनं. न्यूमोनिया झाला म्हणून सहा दिवस आयसीयूत होते, त्यात किडनीवर ताण येऊन क्रिएटिनिन ३ च्या वर गेलं. चौथ्या रात्री त्यांनी सलाईन उपसून टाकलं, भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणाले, तुम्हाला ओळखलं नाही. मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं, आधी हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन, मग गोळ्या. घरी येऊन पंधरा दिवस झाले. भ्रम गेला, पण रात्री क्वेटियापिन २५ (भ्रमावरची) आणि क्लोनाझेपाम (झोपेची), सकाळी एस्सिटालोप्रॅम १० (डिप्रेशनची) चालूच आहे. बाबा दुपारभर झोपून असतात, चालताना तोल जातो. काका म्हणतात वेडाच्या गोळ्या आहेत, आजच बंद करा. फिजिशियन म्हणतात मानसोपचारवाल्यांना विचारा, आणि त्यांची वेळ मिळाली आहे तीन आठवड्यांनी. मग बंद करायच्या की चालू ठेवायच्या?

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि गेली बावीस वर्षं जनरल हॉस्पिटलमध्ये काम करते. माझा अर्धा दिवस मेडिसिन, सर्जरी, डायलिसिस आणि आयसीयूच्या खाटांपाशी जातो. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे कुठली गोळी कधी थांबवायची हे इथून ठरवणार नाही. ते त्यांच्या आजच्या क्रिएटिनिनवर, ईसीजीवर आणि आधीच्या इतिहासावर अवलंबून आहे. पण विचार कसा करायचा ते नक्की सांगू शकते. माझ्या मते तुमची अडचण ‘गोळ्या चांगल्या की वाईट’ ही नाहीच. तीन गोळ्या तीन वेगवेगळ्या कारणांसाठी सुरू झाल्या, आणि डिस्चार्ज कार्डावर ना कारण लिहिलं गेलं, ना शेवटची तारीख. खरी चूक तिथे आहे, आणि ती आमच्या क्षेत्राची आहे, तुमची नाही.

चौथ्या रात्री जे झालं त्याला डिलिरियम म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं ‘वात झाला’ म्हणायची, तापात बडबडणाऱ्या माणसाला. शब्द जुना, पण निरीक्षण अचूक होतं, कारण त्यात ‘हा वेडा झाला’ असा अर्थ नव्हता, ‘आजार डोक्यात चढला’ असा होता. शरीर संकटात असताना मेंदूचं लक्ष टिकवण्याचं काम विस्कटतं. माणूस सकाळी नीट बोलतो, संध्याकाळी भलतंच, रात्री ओळखत नाही. चादरीचे धागे ओढत राहतो, हवेत काहीतरी पकडतो. वयस्कर माणसात हे इतक्या वेळा होतं, की आयसीयूत एखाद्या आजोबांना ते झालं नाही तरच मी विशेष मानते. हा मानसिक आजार नाही. म्हणून ‘वेडाच्या गोळ्या’ हे काकांचं म्हणणं मुळातच लागू होत नाही. त्यांना हे शांतपणे सांगा, तेही काळजीपोटीच बोलत आहेत.

कारणं शोधावी लागतात, आणि एकाच माणसात चार-पाच एकत्र सापडतात. जंतुसंसर्ग, कमी ऑक्सिजन, साखर वरखाली, सोडियम घसरलेलं, युरिया वाढलेला, लिव्हर थकलेलं, झोप नाही, दुखणं, बद्धकोष्ठता. आणि औषधं, हे फार महत्त्वाचं. सर्दीखाजेची क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी दिलेलं प्रोमेथाझिन, दुखण्याचं ट्रामाडॉल, मोठ्या डोसातली स्टेरॉइड्स. किडनी बिघडली की काही औषधं अंगात साचतात: उचकी थांबायला दिलेली बॅक्लोफेन, पायांच्या आगीसाठीची प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन, अँटिबायोटिक्समधलं सेफेपिम. डायलिसिसच्या रुग्णाला बॅक्लोफेनच्या दोन-तीन गोळ्यांनी गुंगीत गेलेलं मी पाहिलं आहे. म्हणून मला बोलावणं आलं की मी रुग्णाआधी औषधांचा चार्ट वाचते. कितीतरी वेळा माझं काम एखादं औषध वाढवणं नसून दोन कमी करणं असतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची एक रात्र सांगते. रात्री दोनला फोन: सर्जरी वॉर्डातले आजोबा फार दंगा करतायत, दोघांना लाथा मारल्या, हात बांधलेत. मी गेले, चार्ट बघितला, हॅलोपेरिडॉल लिहिलं. इंजेक्शन दिलं गेलं. अर्ध्या तासाने आजोबा तसेच, उलट जास्त तळमळत होते. मी दुसरं इंजेक्शन लिहायला पेन काढलं, तेवढ्यात वॉर्डातल्या ज्येष्ठ सिस्टर आल्या, काही न बोलता चादर बाजूला करून आजोबांच्या ओटीपोटावर हात ठेवला. बेंबीपर्यंत पोट दगडासारखं. लघवीची नळी गुठळीने बंद झाली होती. नळी बदलली, एक लिटरच्या आसपास लघवी निघाली आणि दहा मिनिटांत आजोबा हात सैल सोडून झोपी गेले. त्या माणसाला वेदना होत होत्या, त्या सांगायला शब्द सापडत नव्हते, आणि मी त्याच्यावर गुंगीचं औषध घालत होते. त्या दिवसापासून आजपर्यंत दंगा करणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या पोटावर मी आधी हात ठेवते.

मग हॅलोपेरिडॉल, क्वेटियापिन देतोच कशाला? इथे प्रामाणिकपणे बोलायला हवं. ही औषधं डिलिरियम बरा करत नाहीत. २०१८ साली अमेरिकेत ‘माइंड-यूएसए’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयसीयूतल्या ५६६ डिलिरियमच्या रुग्णांपैकी काहींना हॅलोपेरिडॉल, काहींना झिप्रासिडोन, काहींना नुसतं औषधासारखं दिसणारं द्रावण दिलं. डिलिरियमचे दिवस तिन्ही गटांत सारखेच राहिले. तेव्हापासून माझी सवय बदलली. मी ही औषधं देते ती दोन कारणांसाठी: माणूस श्वासाची नळी किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) उपसून जिवाला धोका करून घेत असेल तर, किंवा त्याला दिसणाऱ्या गोष्टींनी तो भयंकर घाबरलेला असेल आणि कोणीही धीर दिल्याने भागत नसेल तर. डोसही अगदी छोटा, वयस्करांना हॅलोपेरिडॉल पाव ते अर्धा मिलिग्रॅम. आधी ईसीजी, कारण ही औषधं हृदयाच्या ठोक्याचा क्यूटी नावाचा कालावधी लांबवतात, आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी असेल तर ठोका धोकादायकरीत्या बिघडू शकतो. पार्किन्सन असेल तर हॅलोपेरिडॉल अजिबात नाही, माणूस लाकडासारखा कडक होतो. तुमच्या बाबांनी सलाईन उपसलं, तुम्हाला ओळखलं नाही. त्या रात्री औषध देणं मला चुकीचं वाटत नाही.

पण ज्या कारणासाठी औषध दिलं ते कारण संपलं की औषधही संपायला हवं. आयसीयूतून वॉर्डात जाताना चार्ट कॉपी होतो, वॉर्डातून घरी जाताना पुन्हा कॉपी होतो. प्रत्येक जण समजतो की आधीच्याने विचार करून लिहिलं असेल. अशा रीतीने चार रात्रींसाठीची गोळी चार महिने चालते. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना क्वेटियापिनच्या गटातली औषधं दिली तर मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ सालीच छापायला लावला. बाबांना स्मृतिभ्रंश नसेल, तरी ७२ व्या वर्षी रात्री क्वेटियापिन आणि क्लोनाझेपाम दोन्ही घेऊन लघवीला उठणारा माणूस पडण्याची मला फार भीती वाटते. क्वेटियापिनने उभं राहताना बीपी घसरतं, क्लोनाझेपामचा अंमल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळतो. न्यूमोनियातून वाचलेला माणूस खुब्याच्या हाडामुळे पुन्हा खाटेवर जाणं, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

एक गोष्ट पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा, कारण एकदा डिलिरियम झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. गोळीपेक्षा घरचं माणूस जास्त उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनूये यांनी १९९९ मध्ये ८५२ वृद्ध रुग्णांवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. चष्मा, कानाचं यंत्र, वेळ-वार सांगणं, चालवणं, पाणी पाजणं, रात्री झोपू देणं, एवढ्यावर डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. आपल्याकडे आयसीयूत पिशवीत बांधून नातेवाइकांच्या हाती दिल्या जाणाऱ्या पहिल्या वस्तू कुठल्या? चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र. त्या परत मागून बाबांना लावा. संध्याकाळी सात ते नऊ हा सर्वांत वाईट काळ. आयसीयूत भेटीची दहा मिनिटं असतात हे मला माहीत आहे, पण या कारणासाठी एका माणसाला बसू द्या अशी विनंती करा. मी स्वतः अशी शिफारस लिहून देते आणि बहुतेक वेळा ती मान्य होते.

आता एस्सिटालोप्रॅमकडे येते, कारण तिचं गणित निराळं आहे. तुम्ही लिहिलंय, ‘वॉर्डात आल्यावर बाबा गप्प गप्प होते, जेवत नव्हते, म्हणून डिप्रेशनची गोळी दिली.’ मला तिथेच थोडी शंका आली. डिलिरियम दंगेखोरच असतो असं नाही. त्याचा एक शांत प्रकार असतो: माणूस खाटेवर पडून, डोळे अर्धे मिटलेले, विचारल्यावर हूं म्हणतो, घास तोंडातच धरून ठेवतो. कोणाला त्रास देत नाही म्हणून कोणी बोलावत नाही, आणि बोलावलं तर चिठ्ठीवर ‘डिप्रेशन?’ असं लिहिलेलं असतं. या दोहोंतला फरक मी साध्या प्रश्नाने बघते. गावाकडच्या आजोबांना जानेवारी-फेब्रुवारी उलटे विचारण्यात अर्थ नसतो. मी म्हणते, ‘बाबा, फाल्गुनापासून मागे या बघू.’ उदास झालेला माणूस कंटाळून, थांबत थांबत का होईना, फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष असा येतो. डिलिरियममधला माणूस माघापर्यंत येतो आणि मग चैत्र म्हणतो, किंवा मी काय विचारलं तेच विसरतो. लक्ष तुटलेलं असेल तर डिप्रेशनची गोळी घाईने सुरू करत नाही.

गंभीर आजारात खरं डिप्रेशन होतं का? होतं, आणि उपचार न करणं हा त्या माणसावर अन्याय आहे. भूक, झोप, थकवा यांवरून ते ओळखता येत नाही, ती आजाराचीही लक्षणं असतात. मी इतर गोष्टी बघते. नातवाचा व्हिडिओ कॉल आला तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही का? ‘मी तुमच्या जिवाला ओझं झालोय’ असं पुन्हा पुन्हा म्हणतात का? मरण यावं असं म्हणतात का? असं असेल तर गोळी हवीच, आणि ती चार-सहा महिने तरी चालते. मध्येच सोडायची नाही. (कोणी जीव देण्याबद्दल बोलत असेल तर वेळ मिळण्याची वाट बघू नका; १४४१६ हा टेली-मानसचा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत त्याच दिवशी जायचं.) हृदयविकाराच्या झटक्यानंतर सर्ट्रालीन सुरक्षित असल्याचं २००२ साली दिसून आलं, म्हणून हृदयरोग्यांत मी ती निवडते. पण तीच सर्ट्रालीन डायलिसिसवर नसलेल्या किडनीरुग्णांच्या डिप्रेशनला साध्या साखरगोळीपेक्षा सरस ठरली नाही, हे २०१७ च्या अभ्यासात समोर आलं. म्हणून किडनीच्या रुग्णाला मी गोळी देते तेव्हा महिन्या-दीड महिन्याने विचारते, फरक पडला का. नसेल तर उगाच ओढत नाही, बोलण्याच्या उपचारांकडे वळते.

एस्सिटालोप्रॅमच्या बाबतीत आजच बघण्यासारखं एक आहे: सोडियम. या गटातल्या गोळ्यांनी वयस्करांत पहिल्या काही आठवड्यांत सोडियम घसरू शकतं, आणि सुस्ती, तोल जाणं, गोंधळ ही त्याचीच लक्षणं. बाबांच्या बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ आहे का बघा. असेल तर बहुधा त्यात हायड्रोक्लोरथायझाइड आहे, तेही सोडियम उतरवतं, आणि दोन्ही मिळून जास्त. नॉर्मल १३५ ते १४५. मी ११८ घेऊन आलेले लोक पाहिले आहेत, ज्यांना घरचे ‘म्हातारपण आलं’ समजत होते. शिवाय ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. शौचाला काळपट होतंय का ते विचारा. आणि वयाच्या ६५ च्या पुढे एस्सिटालोप्रॅम साधारणपणे १० च्या वर नेत नाहीत, तेव्हा ‘फरक नाही तर दोन घ्या’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

उलट बाजूचीही माणसं हे वाचत असतील, ज्यांच्या घरी आधीपासून मानसिक आजाराची औषधं चालू आहेत आणि आता शरीराच्या आजारासाठी ॲडमिट व्हायचंय. त्यांना हात जोडून सांगते, ती फाईल लपवू नका. लाजेपोटी, मुलीच्या लग्नाचं बघायचंय म्हणून, फिजिशियनला सांगितलं जात नाही. लिथियम (मनाचे चढउतार स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्याला जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं, किंवा दुखण्याची गोळी, बीपीची काही औषधं सुरू झाली, की लिथियम विषारी पातळीला जातं. व्हॅल्प्रोएट (हेही तसंच, फिटवरही चालणारं औषध) घेणाऱ्याला मेरोपेनेम हे अँटिबायोटिक दिलं, आणि ते आपल्या आयसीयूंत सर्रास देतात, की रक्तातलं व्हॅल्प्रोएट एक-दोन दिवसांत तळाला जातं आणि फिट येऊ शकते. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत दिलं जाणारं लिनेझोलिड डिप्रेशनच्या गोळ्यांसोबत घातक ठरू शकतं, आणि टीबीचंच सायक्लोसेरिन कधीकधी स्वतः भ्रम घडवतं. यातलं काहीही हाताळता येतं, फक्त डॉक्टरला माहीत हवं.

तर ताई, माझा रुग्ण असता तर मी काय केलं असतं ते सांगते. तीन आठवडे थांबले नसते. उद्या फिजिशियनकडेच सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर आणि ईसीजी करून घेतला असता. झोपून आणि उभं राहून तीन मिनिटांनी बीपी मोजलं असतं. त्यांना विचारलं असतं की आयसीयूत बोलावलेल्या मानसोपचारतज्ज्ञांशी फोनवर बोलाल का. दोन डॉक्टर पाच मिनिटं बोलले तर ही वेळेची अडचण बहुतेक सुटते. भ्रम पूर्ण गेला असेल, रात्री शांत असतील, तर क्वेटियापिन सर्वांत आधी काढायची गोळी. २५ चा डोस आणि तीन आठवड्यांचा काळ, तेव्हा सहसा ती फार त्रास न होता थांबते. एस्सिटालोप्रॅम ठेवायची की नाही, हे बाबांना समोर बसवून, फाल्गुनापासून मागे येता येतंय का ते बघून, मन लागतंय का ते विचारून ठरवलं असतं. जाग येत नाही इतकी गुंगी, डोक्यावर पडणं, पुन्हा भ्रम किंवा ताप, यांतलं काही झालं तर वेळ-अपॉइंटमेंट बघायची नाही, त्याच दिवशी कॅज्युअल्टी.

राहिली क्लोनाझेपाम. तिला मात्र तुम्ही स्वतःहून अचानक हात लावू नका, आणि त्यामागे एक कारण आहे. मागे एका आजींना ॲडमिट झाल्यावर तिसऱ्या रात्री थरथर, घाम, भ्रम आणि मग फिट आली. सगळे रिपोर्ट बरे. शेवटी सुनेने आजींचा बटवा आणून दिला. सुपारी, बडीशेप, दोन नाणी, आणि तळाशी घडी घातलेली अल्प्राझोलामची स्ट्रिप, म्हणजे क्लोनाझेपामच्याच गटातली गोळी. बारा वर्षं रोज रात्री एक, गल्लीतल्या मेडिकलमधून. घरात कोणालाच माहीत नव्हतं, आणि हॉस्पिटलात आल्यावर ती एकदम बंद झाली होती. दारूचंही असंच, सोडल्यापासून दोन ते चार दिवसांत गंभीर भ्रम सुरू होतो, आणि मुलीला जे माहीत नसतं ते भावाला किंवा शेजाऱ्याला माहीत असतं. तुमच्या बाबांचं बिघडलं ते नेमकं चौथ्या रात्री. म्हणून आज आईला एकटीला गाठून, रागावल्यासारखं न करता विचारा, बाबा आधी झोपेसाठी काही घ्यायचे का. चष्म्याची डबी, उशीखाली, देवघराचा खण बघा. रिकामी स्ट्रिप मिळाली तर तिचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. मग क्लोनाझेपाम किती आठवड्यांत, किती किती कमी करायची, ते त्यांच्याकडून कार्डावर तारखांसकट लिहून घ्या.